ड्रेनेज लाइन खालून वर आखा: हद्दवाढीतल्या गावांसाठी मार्गदर्शक

पुणे महापालिकेच्या हद्दीत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आली, जून २०२१ अखेर आणखी २३ आली. त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुढे वेगळी काढून त्यांची नगरपरिषद केली गेली. बाकी गावांमध्ये आजही तेच चित्र दिसते. इमारती दहा-बारा मजल्यांच्या, रस्ते ग्रामपंचायतीच्या काळातले आणि सांडपाणी सेप्टिक टँकमधून थेट ओढ्यात. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या पट्ट्यात गुलियन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशयाचे बोट दूषित पाण्याकडे गेले, तेव्हा ड्रेनेजचा विषय एकदम सगळ्यांच्या तोंडी आला. एरवी तो चेंबर तुंबल्यावरच निघतो.

हा लेख दोघांसाठी आहे. एक, ज्याच्या टेबलावर अशा गावाची फाइल पहिल्यांदाच आली आहे तो कनिष्ठ अभियंता. दुसरा, सोसायटीच्या वतीने वॉर्ड ऑफिसात खेटे घालणारा पदाधिकारी, ज्याला समोर ठेवलेल्या नकाशात काय पाहायचे ते कळत नाही. उदाहरणे पुण्याची आहेत, पण वसई-विरार, बदलापूर किंवा नाशिकच्या कडेच्या गावांतही रीत हीच.

मागणी नेहमी वरून येते. अमुक गल्लीत चेंबर तुंबतात, तिथे लाइन टाका, असा अर्ज येतो. निधी असला की त्या गल्लीत दोनशे मीटर पाइप पडतो आणि तो जाऊन मिळतो नाल्याला. पुढच्या वर्षी शेजारची गल्ली. पाच वर्षांनी गावात दहा किलोमीटर पाइप असतो, पण त्यातला एकही मैलाशुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचवायचा म्हटले तर अर्ध्या पाइपांची पातळी जुळत नाही. म्हणून आखणी खालच्या टोकापासून करायची. हे ज्याला पटले त्याचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे पुढे देतो.

पायरी १: पाणी शेवटी कुठे जाणार ते ठरवा

पहिल्या दिवशी रस्त्यांचा नकाशा बाजूला ठेवा आणि ओढ्यांचा घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर गावातले ओढे, नाले आणि त्यांचे पाणलोट पेन्सिलने वेगळे करा. प्रत्येक पाणलोट म्हणजे एक स्वतंत्र ड्रेनेज क्षेत्र. ग्रामपंचायतीची किंवा वॉर्डाची हद्द इथे काही कामाची नाही. पाण्याला ती ठाऊक नसते. एकाच गावाचे दोन भाग दोन वेगळ्या ओढ्यांना उतरत असतील, तर तिथे दोन योजना लागतात, किंवा मध्ये पंप लागतो.

सिंहगड रस्त्याचा पट्टा घ्या. एका बाजूला डोंगरउतार, दुसऱ्या बाजूला मुठा नदी, आणि दोहोंच्या मध्ये सिंहगड रस्ता व मुठा उजवा कालवा. वरच्या वस्तीचे मैलापाणी उताराने नदीकडेच येणार, म्हणजे नदीकाठाला समांतर एक मोठी मुख्य वाहिनी लागणार आणि वरून येणाऱ्या शाखा तिला मिळणार. प्रत्येक शाखेला वाटेत कालवा किंवा रस्ता ओलांडावा लागला, तर तेवढ्या परवानग्या वाढल्या. ओलांडण्याच्या जागा सुरुवातीलाच कमीत कमी ठेवल्या, तर पुढचे वर्ष वाचते.

मग शेवटचा बिंदू. शुद्धीकरण केंद्र आधीच आहे का? असेल तर त्याच्या पहिल्या चेंबरची, म्हणजे जिथे येणारा पाइप उघडतो त्या जागेची, तळपातळी काय आहे? या एका आकड्यावर वरची सगळी योजना उभी राहते. तो आकडा फाइलमधून उचलू नका. जागेवर जाऊन मोजा.

पायरी २: केंद्रात जागा आहे का ते विचारा

पाइप जोडता येतो म्हणजे पाणी सामावते असे नाही. पुण्याचा जायका या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जातून होणारा मुळा-मुठा प्रकल्प ११ शुद्धीकरण केंद्रांचा आणि एकूण ३९६ एमएलडी (रोज दशलक्ष लिटर) क्षमतेचा आहे, पण त्याला मंजुरी मिळाली २०१६ च्या सुरुवातीला, म्हणजे ही गावे हद्दीत येण्याच्या आधी. अशा वेळी "जवळच्या केंद्रात सोडू" हे वाक्य अहवालात लिहिण्यापूर्वी त्या केंद्राची क्षमता, आज येणारे पाणी आणि आधीच कबूल केलेल्या जोडण्या, हे तीन आकडे लेखी मागा.

जागा नसेल तर नवे केंद्र लागणार, आणि नव्या केंद्राला जमीन. शुद्धीकरण केंद्र शेजारी नको, असे सगळेच म्हणतात. त्यामुळे विकास आराखड्यातले आरक्षण आणि प्रत्यक्ष ताबा यांत वर्षे जातात. तोवर काय? एक उपाय नाल्यातले कोरड्या दिवसांतले पाणी बांध घालून अडवायचे आणि पाइपात वळवायचे. दुसरा उपाय म्हणजे पाणलोटापुरते छोटे केंद्र. तिसरा, सेप्टिक टँकचा गाळ टँकरने उपसून गाळप्रक्रिया केंद्रात नेण्याची नियमित फेरी. माझे मत विचाराल तर नाला वळवणे हा तात्पुरता उपाय म्हणून ठीक आहे, पण एकदा तो झाला की घरोघरच्या जोडण्यांचा उत्साह मावळतो. अहवालात त्याच्यापुढे मुदत लिहा.

पायरी ३: पातळ्या घ्या, आणि एकाच आधारावर घ्या

ड्रेनेजचे काम म्हणजे शेवटी सेंटिमीटरचे काम. टोटल स्टेशन किंवा ऑटो लेव्हल या मोजणीच्या यंत्रांनी रस्त्यांच्या मध्यरेषेवर दर ३० मीटरला, शिवाय प्रत्येक वळणावर, चौकात आणि उंचवट्यावर पातळी घ्या. त्याशिवाय चार गोष्टी न विसरता नोंदवा: ओढ्याचा तळ, ओढ्याची पूरपातळी, सगळ्यांत खोलगट घरांचे जोते आणि सोसायट्यांच्या शेवटच्या चेंबरची खोली. रस्त्यावरून पाहता व्यवस्थित वाटणारी लाइन दोन सोसायट्यांच्या चेंबरपेक्षा वर निघाली, तर त्या सोसायट्या कधीच जोडल्या जाणार नाहीत.

आधारबिंदूचा घोळ सर्वांत महाग पडतो. जुन्या केंद्राच्या नकाशावर पातळ्या एका बेंचमार्कवरून, ग्रामपंचायतीच्या जुन्या लाइनच्या दुसऱ्या, आणि तुमच्या सर्व्हेयरने मंदिराच्या पायरीला १०० मीटर धरून सुरुवात केलेली. कागदावर सगळे आकडे शेजारी शेजारी छान बसतात. सर्वेक्षणाच्या कामाच्या अटींतच लिहा की सर्व पातळ्या समुद्रसपाटीच्या आधाराने, एकाच ज्ञात बेंचमार्कवरून घ्याव्यात आणि परत त्याच बिंदूवर येऊन फरक तपासावा.

जुने चेंबर उघडून तळ मोजताना कुणालाही आत उतरवू नका. झाकण उघडे ठेवून वायू जाऊ द्या आणि वरूनच मापाची काठी (स्टाफ) किंवा टेप सोडा. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणे हा गुन्हा आहे, आणि "सफाई नाही, फक्त माप घ्यायचे होते" या सबबीने विषारी वायू थांबत नाही.

पायरी ४: माणसे मोजा

इथे नवखा अभियंता २०११ ची जनगणना उघडतो. त्यानंतर जनगणनेचे आकडेच आलेले नाहीत, आणि या गावांचे रूप त्यानंतर पार बदलले. त्या आकड्याला वाढीचा टक्का लावून ३० वर्षे पुढे नेणे म्हणजे गणिताच्या वेषातला अंदाज. त्याऐवजी महावितरणच्या घरगुती मीटरची संख्या, मिळकतकराच्या नोंदी आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) व महापालिकेने दिलेल्या बांधकाम परवानग्या एकत्र मांडा. परवानगी मिळाली पण इमारत उभी नाही, अशा सदनिका वेगळ्या ठेवा. पुढच्या पाच वर्षांची लोकसंख्या त्यांतच दडलेली असते. मोकळ्या जमिनींसाठी विकास आराखड्यातला वापर आणि मिळणारा चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय) पाहून अंतिम घनता काढा.

केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या संस्थेची २०१३ ची मलनिस्सारण नियमावली आपल्याकडे प्रमाण मानतात. ती ३० वर्षांचा आराखडा काळ, माणशी रोज १३५ लिटर पाणी (महानगरांसाठी १५०) आणि त्यातले ८० टक्के मैलापाणी धरायला सांगते. सकाळच्या गर्दीच्या, म्हणजे शिखर प्रवाहासाठी सरासरीला गुणक लावायचा: २०,००० लोकसंख्येपर्यंत ३, ५०,००० पर्यंत २.५, साडेसात लाखांपर्यंत २.२५ आणि त्यापुढे २.

एक हिशेब करून पाहू. समजा एका पाणलोटात आज १२,००० माणसे आहेत आणि ३० वर्षांनी ४०,००० असतील. माणशी १३५ लिटर धरले, तर मैलापाणी १०८ लिटर. आजचा सरासरी प्रवाह रोज १२.९६ लाख लिटर, म्हणजे सेकंदाला १५ लिटर. ३० वर्षांनी ४३.२ लाख लिटर, सेकंदाला ५० लिटर. गुणक लावले की आजचे शिखर ४५ आणि पुढचे १२५. जमिनीतून पाइपात झिरपणारे पाणी हेक्टरी रोज ५,००० लिटर धरले, तर १५० हेक्टरांचे सेकंदाला जवळपास ९ लिटर होतात. एकूण आज ५४, पुढे १३४ लिटर. दुकाने, हॉटेल, शाळा, मंगल कार्यालये यांचे पाणी यात वेगळे मिळवायचे असते. इथे सोपेपणासाठी सोडले आहे.

आता एक गोष्ट, जी पुस्तकी हिशेबात निसटते. या गावांत आज १३५ लिटर पाणी येते का? बऱ्याच ठिकाणी टँकर आहे. पाणी कमी म्हणजे मैलापाणी कमी आणि दाट, आणि पहिल्या वर्षी जोडण्याही थोड्याच. बारा हजारांतली चार हजार माणसेच जोडली गेली, तर शिखर प्रवाह झिरप्यासह सेकंदाला २४ लिटरच. लाइन ३० वर्षांनंतरच्या गर्दीसाठी पुरली पाहिजे आणि आजच्या या क्षीण धारेतही स्वतःला धुतली पाहिजे. खरी कसोटी ती.

पायरी ५: व्यास आणि उतार

नियमावलीची अट अशी: सुरुवातीच्या काळातल्या शिखर प्रवाहाला वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर, अंतिम शिखर प्रवाहाला ०.८ मीटर, आणि कधीही ३ मीटरपेक्षा जास्त नाही. शेवटच्या वर्षीही पाइप व्यासाच्या ०.८ खोलीपर्यंतच भरावा. वरची जागा हवेसाठी.

वरच्याच हिशेबात ४५० मिमी आरसीसी पाइप ४०० ला १ उताराने (४०० मीटरला १ मीटर) टाकला, तर पूर्ण भरल्यावर सेकंदाला साधारण १४२ लिटर नेतो. १३४ लिटर ०.८ खोलीत बसतात. चार हजार माणसांच्या २४ लिटरलाही वेग ०.६५ च्या आसपास राहतो. आता बैठकीत कुणीतरी हमखास म्हणणार, "साहेब, वाढतं गाव आहे, ६०० चाच टाका ना." ६०० मिमी पाइप घेतला आणि मोठा आहे म्हणून उतार हजाराला १ केला, तर पूर्ण क्षमता १९० लिटरच्या वर जाते, पण आजच्या २४ लिटरला वेग ०.४६ च्या आसपास येतो. वाळू, राख, चिंध्या तळाशी बसतात, आणि दोन वर्षांत मोठ्या पाइपाचा लहान पाइप होतो. व्यास वाढवून उतार वाचवणे हा या धंद्यातला सर्वांत लोकप्रिय चुकार मार्ग आहे. नकाशा तपासायला बसलात की आधी हेच शोधा.

गल्लीच्या टोकाला दुखणे वेगळे. एक लाखावर वस्तीच्या शहरात सार्वजनिक लाइनचा किमान व्यास २०० मिमी (त्याखाली १५०). टोकाच्या गल्लीत शिखर प्रवाह सेकंदाला २ लिटर असेल, म्हणजे साधारण पाचशे माणसांचा, तर हजाराला ६ उतार लागतो. ५ लिटरला ३.१, १० लिटरला २, आणि ३० लिटरला १ पुरतो. म्हणजे तीनशे मीटरची गल्ली वरच्या टोकाला १ मीटर खोलीवर सुरू केली आणि जमीन सपाट असली, तर खालच्या टोकाला ती २.८ मीटर खोल गेली. मुख्य वाहिनी तिथे त्याहून खाली हवी. लहान फांद्या भराभर खोल जातात आणि मोठ्या वाहिनीलाही खाली ओढतात. म्हणून टोकाच्या गल्ल्या लांब ठेवू नका. त्या लवकरात लवकर मोठ्या लाइनला मिळू द्या.

लांबीचा छेद काढताना दोन वेगवेगळ्या व्यासांचे पाइप एका चेंबरमध्ये मिळत असतील, तर त्यांचे माथे जुळवा, तळ जुळवू नका. नाहीतर मोठ्यातले पाणी लहानात उलटे चढते. येणारी शाखा मुख्य लाइनपेक्षा ६० सेंटिमीटरहून अधिक उंचावर असेल, तर ड्रॉप मॅनहोल (उभ्या पाइपाने पाणी खाली उतरवणारा) द्या.

मॅनहोल प्रत्येक वळणावर, जोडावर, उतार किंवा व्यास बदलतो तिथे, आणि सरळ लाइनवर साधारण ३० मीटरला एक. गोल मॅनहोलचा आतला व्यास १.६५ मीटर खोलीपर्यंत ९०० मिमी, २.३ मीटरपर्यंत १,२०० मिमी आणि त्याखाली ९ मीटरपर्यंत १,५०० मिमी. नदीकाठच्या मॅनहोलची झाकणे पूरपातळीच्या वर आणा, नाही जमले तर पाणी न शिरणारी, बोल्टची झाकणे लावा. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले होते. अशा दिवशी काठावरचे उघडे मॅनहोल म्हणजे नदीला केंद्रापर्यंतचा मोकळा रस्ता.

पंप कधी? खोदाई पाच-सहा मीटरच्या खाली जाऊ लागली की दोन्ही पर्यायांचा खर्च मांडा. पंपिंग स्टेशन सुरुवातीला स्वस्त दिसते, पण वीजबिल, राखीव पंप, जनरेटर, जाळी साफ करणारा माणूस आणि चोवीस तासांची पाळी हे सगळे ३० वर्षे मोजावे लागते. लांब रायझिंग मेनमध्ये, म्हणजे पंपापुढच्या दाबाच्या लाइनमध्ये, मैलापाणी सडून वायू धरते आणि पुढच्या आरसीसी पाइपाचा माथा खाते. शक्य तिथे उताराचीच लाइन घ्या. पंप घेतलाच, तर पंपाची साठवण विहीर इतकी मोठी करू नका की पाणी अर्ध्या तासाहून अधिक साचून राहील.

पायरी ६: मार्ग आणि ताबा

तांत्रिकदृष्ट्या उत्तम मार्ग बहुतेक वेळा ओढ्याच्या काठाने जातो, आणि ओढ्याचा काठ कुणाच्या तरी सातबारावर असतो. आराखड्यात २४ मीटर रुंद दिसणारा रस्ता जागेवर शेताचा बांध असतो. निविदा काढण्यापूर्वी मार्गातल्या प्रत्येक गट नंबरासमोर ताबा आहे, बोलणी चालू आहेत, की नाही, हे लिहा. टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) किंवा चटईक्षेत्राच्या मोबदल्यात जागा मिळणार असेल, तर कागद पूर्ण होईपर्यंत ती जागा तुमची नाही. जमीनमालकाने तोंडी "घाला लाइन, आपलंच गाव आहे" म्हटले, तर आनंद माना आणि ताबा पावती करून घ्या. वाटण्या झाल्या की तेच शब्द पुतण्याला मान्य नसतात.

ताबा नसलेला तुकडा मधोमध आला, तर दोन्हीकडचे काम आधी उरकायचा मोह आवरा. खालच्या टोकाकडून ताबा सलग आहे तिथपर्यंतच पहिला टप्पा धरा. एकही घर जोडता येणार नाही, असा वरचा तुकडा जमिनीत पडून राहिला की त्यात माती भरते, आणि पुढे साफ करायला नव्याने पैसे लागतात.

कालव्यासाठी जलसंपदा विभाग, राज्य रस्त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, आंबेगाव-नऱ्ह्यासारख्या भागात महामार्गासाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, शुद्धीकरण केंद्रासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि नंतर चालवण्याची संमती, असे अर्ज एकदम टाका. एकाची वाट पाहून दुसरा टाकू नका. महावितरणच्या केबल, गॅस आणि पाण्याच्या लाइन यांचे नकाशे मिळतील, पण त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. पिण्याच्या पाण्याची लाइन मैलापाण्याच्या लाइनपासून आडवी ३ मीटर दूर असावी आणि ओलांडताना तिचा तळ मैलापाइपाच्या माथ्यापेक्षा किमान अर्धा मीटर वर असावा. गावठाणातल्या अरुंद बोळात ३ मीटर मिळणार नाहीत. तिथे पाण्याची लाइन वर सरकवा, आणि मैलापाण्यासाठी लोखंडी किंवा घट्ट सांध्यांचा पाइप वापरा.

पायरी ७: खडक पाहूनच अंदाजपत्रक

पुण्याच्या जमिनीत वर काळी माती किंवा भराव, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. किती खाली, ते दर शंभर पावलांवर बदलते. मातीचा, मुरुमाचा आणि कठीण खडकाचा खोदाईचा दर यांत मोठे अंतर आहे, आणि वस्तीत सुरुंग लावता येत नसल्याने ब्रेकरने फोडणे आले. मार्गावर ठरावीक अंतराने चाचणी खड्डे घ्या आणि त्यांची पातळी नकाशावर मांडा. खड्डे न घेता "५० टक्के खडक" असे गृहीत धरलेले अंदाजपत्रक हे ठेकेदाराला दिलेले आमंत्रण आहे. काम सुरू झाल्यावर खडक ८० टक्के निघतो, वाढीव रक्कम मंजूर होईपर्यंत चर उघडा राहतो.

पाइप कोणता, यावर वाद घालणारे खूप आहेत. खोल आणि जड वाहतुकीच्या रस्त्यात आरसीसी एनपी-३ किंवा एनपी-४ (पाइपाच्या मजबुतीच्या श्रेणी). गल्लीत, लहान व्यासाला दुहेरी भिंतीचा एचडीपीई (प्लॅस्टिकचा) चालतो, मात्र त्याखाली वाळूचा किंवा बारीक खडीचा थर नीट दाबलेला हवा. खडकाच्या टोकदार तळावर कोणताही पाइप थेट ठेवू नका. दाबाच्या लाइनला डीआय (डक्टाइल आयर्न) पाइप. यापलीकडे पाइपाच्या जातीवर रक्त आटवण्यापेक्षा सांध्यांवर लक्ष द्या.

पायरी ८: मंजुरी आणि हंगाम

प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, निविदा हा क्रम ठरलेला. निधी केंद्राच्या अमृत २.० सारख्या योजनेतून, राज्याकडून किंवा महापालिकेच्या अंदाजपत्रकातून येईल. प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी असतात, पण पातळ्यांचा नकाशा आणि ताब्याची यादी नसली की सगळीकडेच फाइल अडते. रस्ते खोदायला पावसाळ्यात बंदी असते, म्हणून कार्यादेश ऑक्टोबरच्या सुरुवातीला हातात हवा. मार्चमध्ये निघालेला कार्यादेश म्हणजे जूनमध्ये अर्धवट चर आणि त्यात गढूळ पाणी.

पायरी ९: जागेवर

खालच्या टोकाकडून वर या. खोदाई उतरत्या टोकाकडून सुरू केली, तर चरात आलेले पाणी आपोआप बाहेर जाते आणि टाकलेली लाइन लगेच वापरातही आणता येते. दीड-दोन मीटरपेक्षा खोल चराला आधारपाट्या लावल्याशिवाय माणूस आत जाऊ देऊ नका. भरावाची माती न सांगता कोसळते. प्रत्येक मॅनहोलचा तळ काँक्रीट पडण्यापूर्वी स्वतः लेव्हलवर पाहा. "साहेब, एक इंच इकडे तिकडे" हे वाक्य ऐकू आले की तिथेच थांबा: तीस मीटरच्या पट्ट्याला हजाराला २ उतार म्हणजे एकूण फरकच ६ सेंटिमीटर, आणि त्यातला एक इंच गेला की जवळपास निम्मा उतार गेला.

चर बुजवण्याआधी दोन चाचण्या. दोन मॅनहोलमधल्या पाइपात एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला आरसा धरायचा. गोल पूर्ण दिसला तर लाइन सरळ, चंद्रकोर दिसली तर कुठेतरी बसली आहे. मग पाणी भरून सांधे तपासायचे. दोन्हीच्या नोंदी मॅनहोल क्रमांकासह मोजमाप पुस्तकात घ्या आणि प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनचा नकाशा, तळपातळ्यांसह, बिल निघण्याच्या आधी ठेकेदाराकडून घ्या. बिल निघाल्यावर तो मिळत नाही.

पायरी १०: घरे जोडा

लाइन पूर्ण, उद्घाटनाची कोनशिला लागली, आणि घरे अजून सेप्टिक टँकवरच, हे दृश्य नवे नाही. जोडणीचा खर्च कुणी करायचा, सोसायटीच्या आवारातला रस्ता कोण फोडणार, सेप्टिक टँकचे काय करायचे, हे लाइन पडण्याआधीच ठरवा. शक्य असेल तर रस्त्यापासून मिळकतीच्या हद्दीपर्यंतचा तुकडा मूळ निविदेतच घ्या. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी आपल्या शेवटच्या चेंबरची पातळी अभियंत्याला लेखी द्यावी आणि त्याची पोच घ्यावी. जोडणी झाल्यावर सेप्टिक टँक वळसा घालून बंद करायचा: गाळ टँकरने उपसायचा, तळ फोडायचा आणि मुरूम भरायचा. तो तसाच मधे ठेवला तर गाळ तिथेच साठतो, आणि सदस्यांना वाटते ड्रेनेज लाइन झाली तरी टँकरचे बिल का येते.

ज्या मोठ्या गृहसंकुलांना परवानगीच्या अटीनुसार स्वतःचे शुद्धीकरण केंद्र आहे, त्यांनी ते बंद करून सगळे पाणी सार्वजनिक लाइनमध्ये सोडायचा घाट घातला, तर ना म्हणा. ते पाणी बागेला आणि फ्लशला परत वापरायचे होते.

आणि गच्चीचे पाणी. पन्हाळीचा पाइप सोयीने ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेला असतो, कारण पावसाळी गटार दूर आहे. एका संकुलाची गच्ची तासाभराच्या जोरदार सरीत जितके पाणी देते, तितके मैलापाणी तीच इमारत तेवढ्या वेळात कधीच देत नाही. पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन लाइनवर फिरा. कोणत्या मॅनहोलमध्ये पाणी अचानक चढते ते खडूने भिंतीवर लिहा, मग पाऊस थांबल्यावर त्या मॅनहोलच्या वरच्या बाजूच्या प्रत्येक मिळकतीत रंगीत पाणी टाकून पन्हाळ कुठे जोडली आहे ते शोधा, आणि नोटिशीत मिळकतीचा क्रमांक व दुरुस्तीची तारीख दोन्ही घाला.